रुळाच्या तुकड्यापाशी: नागपूरच्या नगरसेवकांना खुले पत्र

प्रति,
नागपूर शहराच्या सभागृहात निवडून गेलेल्या सर्व ताई आणि भाऊंना,

सप्रेम नमस्कार.

मी गेली सतरा वर्षं अप-डाउन करते. सकाळच्या गाडीने भंडारा रोडला, म्हणजे आमच्या भाषेत वरठीला, आणि संध्याकाळी परत. एका खासगी कारखान्यात हिशेब लिहिते. महिन्याचा पास, डबा, छत्री आणि गाडीतल्या सहा-सात मैत्रिणी, यांच्या भरवशावर ही वर्षं निघाली. गाडी उशिरा आली, डब्यात उभं राहायला जागा नाही मिळाली, याबद्दल मी कधी कोणाला पत्र लिहिलं नाही. आज लिहिते आहे ते गाडीतून उतरल्यानंतरच्या दोनशे पावलांबद्दल.

स्टेशनबाहेरची जागा सुधारायला शहराने पैसे द्यावेत की नाही, हा वाद अर्थसंकल्पाचे दिवस आले की पुन्हा वर येतो. जागा रेल्वेची असताना खर्च आमच्या माथी का, असं एक म्हणणं. रेल्वे आपल्याला कर देत नाही, हे दुसरं. आणि रेल्वेकडे शेकडो कोटी असताना आपण कशाला, हे तिसरं. तिन्ही म्हणणी मी नीट समजून घेतली आहेत आणि खाली त्यांना उत्तरही देणार आहे. पण आधी घरची गोष्ट सांगते, कारण माझं या वादात बोलणं तिथून सुरू होतं.

माझ्या सासूबाई तुमसरकडच्या खेड्यात राहतात. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नागपुरात झालं. त्यानंतर तपासणीला त्या माझ्या दिरासोबत गाडीने आल्या. मी कामावरून परतत होते, म्हणून आम्ही स्टेशनावरच भेटलो आणि सोबत बाहेर पडलो. संध्याकाळचे सात वाजले असतील. पाऊस नुकताच थांबला होता.

फाटकाबाहेर रुळाचा एक तुकडा उभा रोवलेला आहे. कमरेएवढा उंच, पांढरा रंग दिलेला. रेल्वेची हद्द तिथे संपते. त्याला लागून नाली आहे आणि नालीवर फरशा टाकल्या आहेत. त्यातली एक फरशी मधोमध तुटलेली होती. मी रोज तिला वळसा घालून जायची, म्हणून मला ती पाठ होती. पण पाणी साचलं की ती दिसत नाही, आणि त्या दिवशी मी दिराशी बोलत दोन पावलं पुढे होते. सासूबाईंचा पाय मांडीपर्यंत आत गेला. पडताना त्यांनी एक हात डोळ्यावर धरून ठेवला होता. डॉक्टरांनी डोळ्याला धक्का लागू देऊ नका असं बजावलं होतं ना, तेवढंच त्यांच्या डोक्यात. तो हात टेकवला असता तर कदाचित खुबा वाचला असता. आम्ही त्यांना वर काढलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "माह्या डोळ्याले तं नाही लागलं ना वो?"

डोळा वाचला. खुब्याचं हाड मोडलं.

त्यांना ऑटोत घालणारा ऑटोवाला म्हणाला, "ताई, इथं रोजच कोणी ना कोणी पडते." रोज पडतात ही बातमी ऑटोवाल्याला आहे, पोह्याच्या ठेल्यावरच्या मावशीला आहे, मलाही होती. फरशी बदलण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे त्यांच्यापैकी कोणाकडे ती नव्हती, किंवा असूनही उपयोग नव्हता.

मी तीन कार्यालयांत गेले. पहिल्या ठिकाणी सांगितलं, नाली स्टेशनाला लागून आहे, रेल्वेकडे जा. दुसऱ्या ठिकाणी एक गृहस्थ खरोखर टेप घेऊन माझ्यासोबत आले. त्यांनी रुळाच्या तुकड्यापासून मोजलं आणि म्हणाले, फरशी दोन वीत पुढे आहे, आमच्या हद्दीत येत नाही. तिसऱ्या ठिकाणी कळलं की हा रस्ता त्यांच्याकडे अजून हस्तांतरितच झालेला नाही. तिन्ही अर्जांची पोच माझ्याकडे आहे. शेवटी ऑटोवाल्यांनी आपसात वर्गणी काढून त्या भगदाडावर लोखंडी पत्रा टाकला. पाऊस आला की तो पत्रा निसरडा होतो, म्हणून आता त्यावर पोतं अंथरतात.

त्या कार्यालयांची आणि त्या स्टेशनाची नावं मी इथे लिहीत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे दोघं सुटतात. शिवाय तुमच्यापैकी ज्यांच्या प्रभागात स्टेशन आहे, त्यांना आपापल्या फाटकापाशी असा एक खांब आणि अशी एक फरशी सापडेल, याबद्दल मला शंका नाही.

आता तुमच्या वादाकडे येते.

जागा रेल्वेची, हे अर्धंच खरं आहे. रुळाच्या तुकड्याच्या आतली जागा रेल्वेची. बाहेरचा रस्ता, नाली, फूटपाथ आणि दिवे हे गावाचे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ मध्ये पालिकेची बंधनकारक कर्तव्यं दिली आहेत. सार्वजनिक रस्ते, नाल्या, रस्त्यावरचा उजेड, वाटेतले अडथळे काढणं, हे सगळं त्यात येतं. स्टेशनजवळचा रस्ता वगळून, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. आणि जिथे बंधन नाही तिथेही कलम ६६ मध्ये लोकांची सुरक्षितता, आरोग्य आणि सोय यांसाठी खर्च करण्याची मुभा आहे. म्हणजे कायदा अडवत नाही. ठराव लागतो, आणि तो तुमच्याच हातात आहे.

रेल्वे कर देत नाही, हे खरं आहे आणि त्याबद्दलचं तुमचं दुखणंही खरं आहे. घटनेच्या अनुच्छेद २८५ प्रमाणे केंद्र सरकारच्या मालमत्तेवर पालिकेला सहजासहजी कर लावता येत नाही, आणि रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १८४ मध्येही तेच धोरण आहे. त्याऐवजी सेवा शुल्क किती आणि कसं घ्यायचं, याचा झगडा देशातल्या अनेक शहरांनी केला आहे. तुम्हीही करा, जोरात करा, आम्ही तुमच्या मागे उभे राहू. पण तो झगडा चालू असताना फरशी तुटलेली ठेवू नका. त्या फरशीवरून रेल्वे चालत नाही. तिच्यावरून चालणारी मी दरवर्षी घराचा टॅक्स भरते. पोह्याच्या मावशी भाड्याच्या खोलीत राहतात, त्यांच्या भाड्यातूनही घरमालक तो भरतोच.

तिसरं म्हणणं कोट्यवधींचं. ११ डिसेंबर २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते नागपूर आणि अजनी या दोन स्टेशनांच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली. नागपूरसाठी सुमारे ५९० कोटी आणि अजनीसाठी सुमारे ३६० कोटी रुपये सांगितले गेले. त्याच दिवशी मेट्रोचा प्रजापती नगरकडचा टप्पा सुरू झाला आणि मुख्य स्टेशनाच्या दाराशी मेट्रोचा थांबाही आला. पुढे २२ मे २०२५ ला अमृत भारत योजनेतल्या १०३ स्टेशनांचं उद्घाटन झालं, त्यात आपलं इतवारी होतं. मला या कामांचा आनंद आहे. सावनेरच्या वाळूच्या दगडातली आपली जुनी इमारत १५ जानेवारी १९२५ ला सुरू झाली. शंभर वर्षांनी तिच्या आसपास नवं काही उभं राहतं आहे, हे पाहून कोणाही नागपूरकराला बरं वाटेल. पण हा सगळा पैसा रेल्वेच्या हद्दीतल्या कामांचा. मोठी स्टेशनं म्हणजे जास्त माणसं, आणि ती सगळी माणसं बाहेर पडून त्याच नालीवर, त्याच फूटपाथवर येणार. आत जेवढं वाढेल तेवढं बाहेरचं काम वाढतं. रेल्वेने खर्च केला म्हणून आपला वाचला, असा हिशेब मला तरी जुळवता येत नाही, आणि हिशेब हेच माझं काम आहे.

एक योग माझ्या मनातून जात नाही. स्टेशनाची इमारत सुरू झाली ती तारीख १५ जानेवारी, आणि तुमच्यासाठी आम्ही मतदान केलं तीही १५ जानेवारी, २०२६ ची. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं सभागृह रिकामं होतं. प्रशासक होते, पण "आमच्या फाटकापाशी काय चाललंय" असं आमसभेत उभं राहून विचारणारं कोणी नव्हतं. आता १५१ जण आहेत. म्हणून हे पत्र तुम्हाला.

आमचं म्हणणं आणखी उघड करून सांगते.

सगळ्यात आधी पायाखालची वाट. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ या सूचनांमध्ये फूटपाथवर किमान १.८ मीटर मोकळी जागा आणि फूटपाथची कडा १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको, असं म्हटलं आहे. आमच्याकडे फूटपाथ आहे, पण त्यावर डीपी आहे, दोन खांब आहेत, लावलेल्या गाड्या आहेत. कडा माझ्या गुडघ्याखाली येते. मेयो किंवा मेडिकल या सरकारी दवाखान्यांत जाणारी माणसं चंद्रपूर, गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याकडून गाडीने येतात. त्यांच्यात काठी टेकत चालणारे असतात, पोटुशी बाया असतात, पाठीवर पोर घेतलेला बाप असतो. यातलं कोणीही ती कडा चढत नाही. सगळे रस्त्यावरून चालतात, आणि मागून ई-रिक्षा भोंगा वाजवत येते. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ ने सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येतील अशा करण्यासाठी नियम झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम २०१७ चे. ती मुदत कधीच उलटली. स्टेशनाच्या आत उतार बांधला आणि बाहेर पहिल्याच पावलाला वीतभर कडा ठेवली, तर चाकाच्या खुर्चीतला माणूस कुठे जाईल?

वाहनांसाठी पैसा उभा राहतो, हे आपण पाहिलं आहे. मुख्य स्टेशनासमोर उड्डाणपूल बांधला गेला, त्याखाली दुकानं निघाली, आणि २०२४ मध्ये तोच पूल रस्ता रुंद करण्यासाठी पाडायला घेतला. मला त्या निर्णयांवर भांडायचं नाही. एवढंच म्हणायचं आहे की बांधण्यापाडण्याच्या या सगळ्या वर्षांत पायी चालणाऱ्याच्या वाट्याला काय आलं, हेही कधीतरी आमसभेच्या टेबलावर यावं.

ऊन. हे बाहेरगावच्या माणसाला पटत नाही, तुम्हाला पटवावं लागणार नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. नवतपा लागला की दुपारी बाराच्या गाडीने उतरलेला माणूस डोक्याला दुपट्टा गुंडाळून बसची वाट पाहत उभा राहतो, आणि सावली असते ती एका होर्डिंगची. होर्डिंगची सावली सूर्याबरोबर सरकते आणि तिच्यासोबत पंधरा-वीस माणसांची ओळ सरकत जाते. मी हे दर उन्हाळ्यात पाहते. चार कडुलिंब लावले असते तर माझ्या सतरा वर्षांत ते केवढे झाले असते.

संडास-मुतारीबद्दल बायका सहसा लिहीत नाहीत. मी लिहिते. आमच्या ग्रुपमधल्या दोघी संध्याकाळच्या गाडीत पाणी पीत नाहीत, कारण उतरल्यावर घर गाठेपर्यंत तासभर लागतो आणि मध्ये बाईमाणसाला जाता येईल अशी स्वच्छ जागा नाही. एकीला त्यापायी दोनदा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. तुमच्या सभागृहात निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. ताई, हे तुम्हाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही. दिव्यांचंही तसंच. फाटकापासून बसथांब्यापर्यंत मधला पट्टा अंधाराचा आहे. हिवाळ्यात साडेसहालाच काळोख होतो आणि आम्ही तो पट्टा एकमेकींच्या हाताला धरून ओलांडतो.

आता ठेलेवाले. "स्टेशन परिसर सुधारणा" म्हटलं की पहिला हात यांच्यावर पडतो, म्हणून मुद्दाम लिहिते. पथविक्रेत्यांना संरक्षण देणारा २०१४ चा केंद्राचा कायदा रेल्वेच्या जागेला लागू नाही, असं त्या कायद्याच्या पहिल्याच कलमात लिहिलं आहे. म्हणजे रुळाच्या तुकड्याच्या आत पोह्याच्या मावशीला काहीच हक्क नाही, आणि बाहेर आहे. पण बाहेर तिला जागा आखून दिलेली नाही. आतले हाकलतात तेव्हा ती ठेला बाहेर ढकलते, बाहेर गाडी आली की आत ढकलते. तर्रीचं पातेलं गरम असतं, ते सांडू नये म्हणून एक हात त्याच्यावर आणि एक हात ठेल्याच्या दांड्यावर. तिच्या मनगटावर भाजल्याचे तीन डाग आहेत. माझ्या सासूबाईंना नालीतून काढताना पहिला हात तिचा होता. त्या कायद्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीवर ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांतून निवडून यायला हवेत. स्टेशनाबाहेरचा आराखडा त्या समितीपुढे ठेवल्याशिवाय एकही ठेला हलवू नका.

यावर तुम्ही म्हणाल, खाती वेगवेगळी, एकत्र आणायची कोणी? आणि आपल्याकडे तर रेल्वेसुद्धा एक नाही. मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे, दोन्हींची विभागीय कार्यालयं नागपुरात. मुख्य स्टेशन आणि अजनी एकीकडे, इतवारी दुसरीकडे. ते अवघड आहे, मान्य. पण अशक्य नाही, हे दरवर्षी दिसतं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो माणसं दीक्षाभूमीवर येतात, त्यातली कितीतरी रेल्वेने. त्या दिवसांत पाण्याच्या टाक्या येतात, फिरती शौचालयं येतात, दिवे लागतात, जाण्यायेण्याच्या वाटा आखल्या जातात. पालिका, रेल्वे आणि पोलीस त्यासाठी एकत्र बसतात, तेव्हाच हे होतं. मी अनेक वर्षं त्या गर्दीतून चालले आहे, आणि त्या दिवसांत वाट किती नीट असते ते सांगू शकते. वर्षातले तीन-चार दिवस जमतं, ते उरलेल्या दिवसांत थोड्या प्रमाणात का जमू नये?

आमच्या मागण्या अशा.

अर्थसंकल्पात "रेल्वे स्टेशन परिसर, पायी चालणाऱ्यांच्या सोयी" असं स्वतंत्र लेखाशीर्ष उघडा. रस्त्यांच्या मोठ्या तरतुदीत हे मिसळलं की ते डांबरात जातं. रक्कम पहिल्या वर्षी लहान असली तरी चालेल, पण ती त्याच कामासाठी राखीव असावी.

शहरातल्या प्रत्येक स्टेशनाबाहेर संयुक्त मोजणी करा. पालिका, संबंधित रेल्वे, रस्ता ज्याच्याकडे असेल तो विभाग, सगळे एकाच दिवशी, एकाच टेपने. कोणती नाली, कोणता दिवा, कोणती फरशी कोणाची, याचा नकाशा तयार करून फाटकापाशी मोठ्या अक्षरात लावा, तक्रारीचा एकच नंबर देऊन. ज्या जागेवर एकमत होणार नाही, ती जागा निकाल लागेपर्यंत पालिकेने सांभाळावी आणि खर्चाचं बिल नंतर ज्याच्या वाट्याला येईल त्याला लावावं. ही मागणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बाकी काही मान्य झालं नाही तरी ही मान्य करा.

पहिला पैसा नाली झाकायला, फूटपाथ मोकळा आणि सपाट करायला, दिवे, सावली, पिण्याचं पाणी आणि बायकांच्या शौचालयाला. कारंजी, रंगवलेल्या भिंती आणि फोटो काढायच्या जागा त्यानंतर. शौचालय बांधून कुलूप लावलेलं नको, त्याच्या रोजच्या सफाईचा खर्चही त्याच तरतुदीत धरा.

कामाचा आराखडा ठरवताना रोज वापरणाऱ्यांना बोलवा. पासधारक, ऑटोवाले, ठेलेवाले, काठी घेऊन चालणारे. दुपारी बाराच्या बैठकीला आम्ही येऊ शकत नाही, आम्ही तेव्हा कामावर असतो. रविवारी ठेवा, किंवा सकाळी सहाला प्लॅटफॉर्मवरच ठेवा. आम्ही तिथे असतोच.

आणि येत्या आमसभेत या विषयावर कोण काय बोललं, कोणी बाजूने आणि कोणी विरोधात हात वर केला, हे नावानिशी इतिवृत्तात येऊ द्या.

सासूबाई आता वॉकर घेऊन अंगणापर्यंत चालतात. त्यांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन बाकी आहे. डॉक्टर म्हणतात, फार लांबवू नका. खासगी गाडी करून आणायची तर आमची ऐपत एखाद्या वेळची, आणि तपासणीला तर चार वेळा यावं लागतं. त्या फोनवर दर आठवड्याला विचारतात, "ते फरशी लावली का वो?" मी अजून हो म्हणू शकलेले नाही.

आपली,
अप-डाउन करणारी एक नागपूरकर